झीज : लोखंडाची आणि माणसाची



आपल्या मंडळाच्या व्याख्यानमालेत आजवर संतवाङ्मय, नाटक, इतिहास, सीमाभागाचा प्रश्न अशा विषयांवर व्याख्याने झाली. यंदा पदाधिकाऱ्यांनी मला विषय विचारला तेव्हा मी ‘झीज’ असे सांगितले. त्यांना वाटले, मी सांध्यांच्या झिजेवर बोलणार. माझा दवाखाना पस्तीस वर्षे बेळगावात आहे आणि गुडघे धरून येणाऱ्यांची रांग तिथे कधी कमी झाली नाही, त्यामुळे तसे वाटणे साहजिक होते. पण आज मला मुख्यतः लोखंडाच्या झिजेविषयी बोलायचे आहे. होमिओपॅथीच्या डॉक्टरने बिडाच्या ओतकामावर बोलावे हे विचित्र वाटेल. मी त्याकडे कसा वळलो ते शेवटी सांगेन, कारण त्यात माझी एक चूक आहे, आणि ती आधी सांगितली तर मधले सगळे समजावायचे राहून जाईल.

सुरुवात शब्दापासून करतो, कारण हे साहित्य मंडळ आहे. ‘झिजणे’ हे क्रियापद प्राकृतातल्या ‘झिज्जइ’वरून आपल्याकडे आले आणि त्याचे मूळ संस्कृत ‘क्षीयते’. म्हणजे क्षय आणि झीज ही एकाच घरची भावंडे. मराठीने मात्र या शब्दाला एक मान दिला. अमुक माणूस समाजासाठी चंदनासारखा झिजला, असे आपण म्हणतो. लहानपणी बस्तीत पूजेसाठी गंध उगाळायचे काम माझ्याकडे असे. खोड दर महिन्याला आखूड होई ते दिसत असे. पण सहाणेच्या मधोमध जो खळगा पडला होता, त्याकडे कुणाचे लक्ष नव्हते. चंदनासारखे मऊ लाकूड दगडाला खळगा पाडते, तेही पाण्याच्या साथीने आणि हलक्या हाताने. दोन वस्तू एकमेकींवर घासल्या की झीज दोघींची होते. कुणाची किती, एवढाच प्रश्न उरतो. आजच्या व्याख्यानाचा सगळा विषय या एका वाक्यात आहे.

झिजेचे प्रकार

इंग्लंडमध्ये पीटर जोस्ट यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९६६ साली एक अहवाल सरकारला दिला. घर्षण, झीज आणि वंगण या तिन्हींचा एकत्र विचार न केल्यामुळे उद्योगांचे किती नुकसान होते, हे त्यात दाखवले होते. घासणे या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्यांनी या शास्त्राला ‘ट्रायबॉलॉजी’ असे नाव दिले. पण शास्त्राचे नाव नवे असले तरी अनुभव जुना आहे, आणि आपल्या घरातल्या उदाहरणांनी तो समजतो.

पहिला प्रकार ओरखड्याचा. कठीण कण मऊ पृष्ठभागावरून घासत जातो आणि नांगराने तास पाडावे तशी बारीक चरी काढतो. जात्याची पाळी अशीच गुळगुळीत होई आणि मग टाकी लावणारी बाई दारावर येई. उसाच्या मोळीबरोबर आलेली माती कारखान्याच्या रोलरला अशीच खाते. दुसरा प्रकार चिकटण्याचा. वंगण संपले की दोन धातूंची उंच टोके दाबाखाली एकमेकांना चिकटतात, आणि पुढच्या क्षणी तुटताना एकाचा तुकडा दुसऱ्यावर निघून येतो. इंजिन ‘पकडले’ असे मेकॅनिक म्हणतो, ते हेच. तिसरा प्रकार माऱ्याचा. बोअरवेलच्या पाण्याबरोबर येणारी वाळू पंपाच्या इम्पेलरवर वर्षानुवर्षे आदळत राहते आणि पाती कागदासारखी पातळ होतात. चौथा प्रकार थकव्याचा. बेअरिंगच्या गोळीखाली तोच बिंदू लाखो वेळा दाबला जातो, आत बारीक भेग पडते आणि एक दिवस खपली निघते. पाचवा गंजाचा, गंज चढतो, घासून जातो, खालचे ताजे लोखंड उघडे पडते आणि पुन्हा गंज चढतो.

हे पाच प्रकार वेगळे ओळखणे महत्त्वाचे आहे, कारण एकावरचा उपाय दुसऱ्याला मारक ठरू शकतो. खोकला हा एक शब्द असला तरी त्यामागे दहा कारणे असतात, तसेच हे आहे.

कठीणपणाचा हिशेब

ब्रिटिश शास्त्रज्ञ जे. एफ. आर्चर्ड यांनी १९५३ साली झिजेचे एक साधे समीकरण मांडले. भार जितका जास्त आणि घासण्याचे अंतर जितके लांब, तितकी झीज जास्त. पृष्ठभाग जितका कठीण, तितकी झीज कमी. मात्र या समीकरणात एक गुणांक आहे आणि तो वंगण, वातावरण, धातूंची जोडी यांनुसार लाखो पटींनी बदलतो. म्हणून नुसता कठीणपणा वाढवून भागत नाही, हे त्या समीकरणातच लिहून ठेवलेले आहे.

कठीणपणा मोजण्याची एक पद्धत विकर्सची. हिऱ्याचे टोक ठरावीक भाराने पृष्ठभागावर दाबायचे आणि उमटलेला ठसा मोजायचा. ठसा लहान तितका आकडा मोठा. साध्या करड्या बिडाचा आकडा २०० च्या आसपास येतो. आता शेतातल्या वाळूतला गारेचा कण, म्हणजे क्वार्ट्झ, घ्या. त्याचा आकडा १,१०० च्या आसपास. दोनशेच्या बिडावर अकराशेची वाळू घासली की काय होणार ते सांगायला नको. ओरखड्याच्या झिजेत एक ढोबळ नियम आहे: पृष्ठभागाचा कठीणपणा घासणाऱ्या कणाच्या जवळपास पोचला की झीज झपाट्याने खाली येते, आणि त्याच्या बराच पुढे गेला की आणखी कठीण करून फारसा फायदा उरत नाही. म्हणून प्रश्न असा विचारायचा की मला कशाशी झुंजायचे आहे? वाळूशी झुंजायचे असेल तर अकराशेच्या पुढे जायला हवे.

बीड कठीण कसे होते

आपण तव्याला बिडाचा तवा म्हणतो. बीड म्हणजे सुमारे अडीच ते चार टक्के कार्बन असलेले लोखंड. शुद्ध लोखंड १,५३८ अंश सेल्सियसला वितळते. कार्बनमुळे बीड १,२०० अंशांच्या आतबाहेरच वितळते, त्याचा रस पातळ होतो आणि साच्याच्या कानाकोपऱ्यात जातो. म्हणून ते ओतायला सोपे आणि स्वस्त.

हा कार्बन थंड होताना कुठे जातो यावर सगळे अवलंबून असते. रस सावकाश निवला आणि त्यात सिलिकॉन पुरेसे असले तर कार्बन ग्राफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपाने वेगळा बसतो. तोडले तर तुकडा करडा दिसतो, म्हणून ते करडे बीड. ग्राफाइट मऊ, पण ते स्वतः वंगणाचे काम करते आणि त्याच्या खोबणीत तेलही टिकते. इंजिनाचा लायनर, लेथचा बेड, ब्रेकचा ड्रम करड्या बिडाचे असतात ते यामुळे. तिथे चिकटण्याची झीज टाळायची असते आणि मऊ ग्राफाइट ती टाळते.

तोच रस झटकन निवला तर कार्बनला वेगळे व्हायला सवड मिळत नाही. तो लोखंडाशी संयोग पावून सिमेंटाइट नावाचे कार्बाइड बनवतो, ज्याचा कठीणपणा हजाराच्या आसपास असतो. तुकडा पांढराशुभ्र दिसतो, म्हणून ते पांढरे बीड. कठीण, पण काचेसारखे ठिसूळ.

या फरकाचा पहिला मोठा उपयोग शेतीत झाला. इंग्लंडमधल्या इप्सविचचे रॉबर्ट रॅन्सम नांगराचे बिडाचे फाळ ओतत असत. ओतकाम करताना साचा फुटून रस थंड धातूला लागला आणि तेवढा भाग विलक्षण कठीण झाला, असे सांगतात. त्यांनी १८०३ साली त्याचे पेटंट घेतले. फाळाची खालची बाजू थंड लोखंडी पट्टीवर ओतायची, म्हणजे ती कठीण होते. वरची बाजू वाळूत सावकाश निवते आणि मऊ राहते. नांगरताना वरची बाजू लवकर झिजते, खालची उरते, आणि धार आपोआप राहते. उंदराच्या पुढच्या दातांची रचना अशीच आहे. पुढे कठीण एनॅमल, मागे मऊ डेंटिन. कुरतडताना मागचे झिजते आणि दात सदैव पाजळलेला राहतो. झीज थांबवता येत नसेल तर तिला आपल्या सोयीने वळवावी, हा त्यातला धडा.

आपल्या भागाला या विषयाचे वावडे नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांची सुरुवात बेळगावातल्या सायकलच्या दुकानापासून झाली. १९०३ मध्ये त्यांनी लोखंडी नांगर बनवला. लोखंडाने जमीन विषारी होईल या भीतीने शेतकरी तो घेईनात, अशी आठवण सांगितली जाते. १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी उभी राहिली. आज बेळगाव आणि कोल्हापूरच्या फौंड्र्यांतून देशभर कास्टिंग जातात, त्या परंपरेचे मूळ नांगरात आहे, आणि नांगराची परीक्षा शेवटी फाळाच्या झिजेवर होते.

पांढऱ्या बिडाचा ठिसूळपणा कमी करण्याचे प्रयत्न पुढे मिश्रधातूंनी झाले. १९३० च्या सुमारास सुमारे चार टक्के निकेल आणि दोन टक्के क्रोमियम घातलेले ‘नाय-हार्ड’ बीड आले. त्यात कार्बाइडच्या भोवतालचे लोखंडही मार्टेन्साइट नावाच्या कठीण रूपात राहते. त्यानंतरचे मोठे पाऊल उच्च क्रोमियम बिडाचे. त्यात १२ ते ३० टक्के क्रोमियम असते. तेवढे क्रोमियम असले की सिमेंटाइटऐवजी क्रोमियमचे कार्बाइड बनते. त्याचा कठीणपणा १,३०० ते १,८००, म्हणजे गारेच्या वर. शिवाय सिमेंटाइट जाळीसारखे सलग पसरते आणि भेगेला वाट देते; क्रोमियमचे कार्बाइड सुट्या कांड्यांच्या रूपात बसते, म्हणून भेग अडखळते. हे कास्टिंग सुमारे ९५० ते १,०५० अंशांपर्यंत तापवून नुसत्या हवेने निववले तरी कडक होते.

याचे चित्र डोळ्यांपुढे आणायचे तर शेंगदाण्याची चिक्की आठवा. कार्बाइड म्हणजे दाणे आणि भोवतालचे लोखंड म्हणजे गुळाचा पाक. पाक कच्चा राहिला तर दाणे सुटे होऊन गळतात. पाक जास्त कडक झाला तर वडी हातात येताच फुटते. झीज-प्रतिकार हा एकट्या दाण्याचा गुण नसतो, पाकाने दाण्याला धरून ठेवण्याचाही असतो.

जिथे मार आणि धक्का दोन्ही असतात तिथे तिसरी वाट आहे. १९४८ मध्ये लोखंडाच्या रसात थोडे मॅग्नेशियम घालून ग्राफाइटचे पापुद्रे न होऊ देता गोळ्या करण्याची पद्धत जाहीर झाली. पापुद्र्याची टोकदार कड भेग सुरू करते. गोळी करत नाही. हे एसजी आयर्न. तेच तापवून २५० ते ४०० अंशांच्या क्षाराच्या कुंडात ठरावीक वेळ ठेवले की ते चिवट आणि बळकट होते, आणि वापरात दाब पडेल तसतसा त्याचा पृष्ठभाग आणखी कठीण होत जातो. सतत काम करणाऱ्याच्या तळहाताला घट्टे पडतात, तसे.

सिरॅमिकची साथ

लोखंडाच्या पलीकडे सिरॅमिकचा प्रांत सुरू होतो. ॲल्युमिना, म्हणजे माणिक-नीलमाच्याच कुळातला पदार्थ, १,५०० ते २,००० पर्यंत जातो. सिलिकॉन कार्बाइड २,५०० च्या आसपास. आम्हा होमिओपॅथांना सिरॅमिकची ओळख खलामुळे आहे. आमच्या औषधशास्त्राचे जनक हानेमान यांनी औषध दुग्धशर्करेबरोबर घोटायला चिनी मातीचा, चकाकी नसलेला खल सांगितला आणि त्याचा तळ आधी ओल्या बारीक वाळूने घासून खरखरीत करायला सांगितला. धातूचा खल घेतला असता तर औषधात खलाचाच अंश मिसळला असता.

सिरॅमिकचा दोष एकच, पण मोठा. ते धक्का सोसत नाही. कप हातातून पडला की काय होते ते आपण जाणतो. म्हणून सिरॅमिकला धातूची जोड देतात. १९२३ मध्ये जर्मनीत कार्ल श्रोटर यांनी टंगस्टन कार्बाइडची भुकटी कोबाल्टच्या बंधाने एकजीव केली. ती ‘विडिया’ या नावाने बाजारात आली. जर्मन भाषेत त्याचा अर्थ ‘हिऱ्यासारखे’. आपल्याकडचे वर्कशॉपवाले आजही लेथच्या टूलला विडियाच म्हणतात. पुन्हा चिक्कीच ती, फक्त दाणा टंगस्टन कार्बाइडचा आणि पाक कोबाल्टचा.

दुसरी युक्ती सिरॅमिकलाच चिवट करण्याची. १९७५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या गार्व्ही, हॅनिंक आणि पॅस्को यांनी झिर्कोनियाचा एक गुण दाखवून दिला. त्याचे कण एका विशिष्ट रूपात अडकवून ठेवता येतात. भेग जवळ आली की कण दुसऱ्या रूपात जातात आणि किंचित फुगतात. त्या फुगण्याने भेगेचे तोंड दाबले जाते. जखमेभोवती सूज येते तसेच म्हणा.

या दोन्हींचा मेळ आज फौंड्रीत घालतात. ॲल्युमिना-झिर्कोनियाच्या कणांची सच्छिद्र वीट करून ती साच्यात नेमक्या झिजणाऱ्या जागी ठेवतात आणि वरून उच्च क्रोमियम बिडाचा रस ओततात. रस विटेच्या छिद्रांत शिरतो आणि गोठतो. सिमेंट कारखान्यात क्लिंकर दळणारे रोलर आणि खाणीतल्या क्रशरचे भाग असे बनतात. झिजणाऱ्या जागी सिरॅमिक आणि बाकी सगळीकडे धातू, असा तो संसार.

वरचा थर

सगळा भाग महाग धातूचा करण्यापेक्षा वर थर द्यावा, हा विचार जुनाच. निसर्गाने दातावर तो केला आहे. थर देण्याच्या पद्धती अनेक आहेत आणि त्यांची जाडी फार वेगळी असते. उसाच्या कटरच्या सुऱ्यांवर आणि शेडरच्या हातोड्यांवर वेल्डिंगने कठीण धातूचा थर चढवतात, तो काही मिलिमीटरचा. रोलरच्या दातांवर तर गळीत हंगाम चालू असताना क्रोमियम कार्बाइडच्या इलेक्ट्रोडने वेल्डिंगचे थेंब मारतात. त्याने दात टिकतो आणि ऊस धरण्याइतका खरखरीतही राहतो. ज्वालेने किंवा प्लाझ्माने वितळवून फवारलेला थर मिलिमीटरच्या काही दशांशांचा. विजेने चढवलेला हार्ड क्रोम त्याहून पातळ, कठीणपणा ८०० ते १,०००. ड्रिलवर दिसणारा सोनेरी टायटॅनियम नायट्राइडचा थर दोन ते पाच मायक्रॉनचा, म्हणजे केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी, पण कठीणपणा २,००० च्या पुढे. नायट्रायडिंगमध्ये तर वेगळा थर नसतोच. नायट्रोजन पोलादाच्या कातडीत मुरवतात.

थराचे दोन शत्रू. एक म्हणजे खाली नीट न साफ केलेला पृष्ठभाग. त्यावरचा थर जुन्या भिंतीवरच्या पोपड्यासारखा सुटतो. दुसरा म्हणजे मऊ पाया. चिखलावर फरशी अंथरली तर फरशी कितीही चांगली असो, पाय पडताच तडकते. आणि डॉक्टर म्हणून एक गोष्ट सांगायलाच हवी. हार्ड क्रोमच्या टाकीतले सहा-संयुजी क्रोमियम कर्करोगकारक आहे. टाकीवरची वाफ खेचून घेणारी यंत्रणा नसेल तर शाफ्टचे आयुष्य वाढते आणि टाकीजवळच्या माणसाचे घटते.

कठीण म्हणजे चांगले, हे खरे नाही

माझे एक स्नेही लहान फौंड्री चालवतात. दगडाच्या क्रशरचे हातोडे लवकर झिजतात अशी गिऱ्हाइकाची तक्रार आली. त्यांनी अधिक कठीण बीड वापरले. पहिल्याच आठवड्यात दोन हातोडे मधोमध फुटले आणि तुकड्याने आतली जाळी फाडली. झिजणारा हातोडा आधी सूचना देतो; फुटणारा देत नाही. पुढे त्यांनी दगडाचा आकार, धक्क्याचा जोर, फेऱ्यांचा वेग यांची माहिती घेतली आणि थोडा कमी कठीण, पण चिवट मिश्रधातू निवडला. आता हातोडे झिजतात आणि वेळेवर बदलले जातात.

याच्या उलट, मऊपणाच्या मोहाचे उदाहरण वैद्यकातले आहे. इंग्लंडचे सर जॉन चार्नली यांनी १९५८ च्या सुमारास खुब्याच्या कृत्रिम सांध्यात टेफ्लॉनची वाटी बसवायला सुरुवात केली. टेफ्लॉन अत्यंत निसरडे, घर्षण जवळजवळ नाही. रुग्ण वेदनेवाचून चालू लागले. पण घर्षण कमी म्हणजे झीज कमी असे नसते. काही वर्षांतच वाट्या कित्येक मिलिमीटर झिजल्या. झिजेतून निघालेल्या चूर्णावर शरीर चवताळले, भोवतालच्या ऊतींत गाठी झाल्या आणि सांधे सैल झाले. शेकडो रुग्णांच्या शस्त्रक्रिया पुन्हा कराव्या लागल्या. चार्नलींनी स्वतःच्या मांडीत टेफ्लॉन आणि पॉलिथिलीनचे नमुने घालून कशाने त्रास होतो ते पाहिले आणि १९६२ पासून पॉलिथिलीनची वाटी वापरली. १९७० मध्ये फ्रान्समध्ये पियर बुताँ यांनी ॲल्युमिनाचा सांधा बसवला. आज आपल्यातल्या कित्येकांच्या खुब्यात सिरॅमिकची गोटी आहे, ती या वाटेने आली.

या कथेतला मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. वस्तू किती झिजली एवढेच आपण मोजतो. झिजलेले गेले कुठे, हा प्रश्न चार्नलींच्या रुग्णांनी विचारायला लावला.

झिजलेले जाते कुठे

आता माझी चूक. काही वर्षांपूर्वी पंचेचाळिशीचा एक गृहस्थ खोकला आणि दम लागण्याची तक्रार घेऊन आला. आम्ही होमिओपॅथ केस घेतो तेव्हा रुग्णाला तहान किती, घाम कुठे, स्वप्ने कोणती पडतात इथपर्यंत विचारतो. मी सगळे विचारले. व्यवसाय विचारला तेव्हा तो म्हणाला, ‘फौंड्रीत आहे, साहेब.’ मी ‘फौंड्री’ असे लिहिले आणि पुढे गेलो. चार महिने औषधे दिली. थोडे बरे, पुन्हा तसेच. एकदा त्याचा मुलगा बरोबर आला होता. तो म्हणाला, ‘बाबा फेटलिंगला आहेत, बावीस वर्षं. घरी येतात तेव्हा पापण्यासुद्धा पांढऱ्या असतात.’ त्या दिवशी मी छातीचा फोटो काढायला लावला आणि छातीच्या तज्ज्ञाकडे पाठवले. सिलिकोसिस निघाला.

फेटलिंग म्हणजे साच्यातून काढलेल्या कास्टिंगला चिकटलेली वाळू आणि जादा धातू ग्राइंडरने घासून काढणे. साच्याची वाळू म्हणजे तीच गार, अकराशे कठीणपणाची. घासताना तिचे इतके बारीक चूर्ण होते की पाच मायक्रॉनखालचे कण फुफ्फुसाच्या शेवटच्या पिशवीपर्यंत पोचतात. तिथली राखणदार पेशी कण गिळते, तो पचत नाही, पेशी मरते, कण मोकळा होतो, दुसरी पेशी त्याला गिळते. दर फेरीत थोडा वण राहतो. म्हणून काम सोडल्यावरही रोग वाढू शकतो आणि क्षयरोगाचा धोकाही वाढतो. आमच्याकडे सिलिशिया नावाचे औषध आहे, ते याच गारेपासून बनते. पण फुफ्फुसात पडलेला वण त्याने किंवा कुठल्याही पॅथीच्या औषधाने पुसला जातो, असे मी म्हणणार नाही. झालेली झीज भरून येत नाही.

मी त्याला विचारले, तोंडाला काही बांधत होतास का? तो म्हणाला, ‘पंचा बांधत होतो.’ आमच्या स्थानकवासी साधूंच्या मुखावरची मुहपत्ती मला आठवली. सूक्ष्म जीवाला इजा होऊ नये म्हणून ती असते. इथे इजा बाहेरून आत येणारी होती आणि तिला सुती कापडाची वीण अडवू शकत नव्हती.

इटलीचे बर्नार्दिनो रामाझिनी यांनी १७०० साली कामगारांच्या रोगांवरच्या ग्रंथात वैद्यांना सांगितले की रुग्णाला त्याचा धंदा विचारा. मी विचारला होता, पण तो धंदा कसा चालतो हे मला ठाऊक नव्हते. म्हणून मी माझ्या स्नेह्याच्या फौंड्रीत गेलो, तासन्‌तास उभा राहिलो, आणि आज तुम्हाला जे सांगितले ते तिथून शिकत गेलो.

तिथे एक गोष्ट पाहून मला बरे वाटले. इंग्लंडने १९४९ च्या नियमांनी कास्टिंग साफ करण्यासाठी वाळूचा मारा करण्यावर बंदी घातली. वाळूऐवजी पोलादाचे छर्रे बंद पेटीत मारतात. पण त्या यंत्रात छर्रे फेकणारी पाती साध्या बिडाची असली तर बघता बघता झिजून जातात. उच्च क्रोमियम बिडाची पाती कित्येक पट टिकतात, म्हणून ते यंत्र परवडते, आणि म्हणून ग्राइंडरपाशी पोचणाऱ्या कास्टिंगवर वाळू कमी उरते. म्हणजे धातूची झीज कमी करण्याच्या विद्येने माणसाच्या फुफ्फुसाचीही झीज कमी केली. मात्र ही दोन्ही कामे आपोआप एकत्र होत नाहीत. कुणीतरी ती एकत्र करावी लागतात. छर्ऱ्यांचे यंत्र, ग्राइंडरच्या तोंडाशी धूळ खेचणारी नळी, जमिनीवर झाडूऐवजी ओले पुसणे, नाकावर घट्ट बसणारा योग्य मास्क, आणि दरवर्षी छातीचा फोटो. १९४८ च्या कारखाना कायद्याने सिलिकोसिस हा सरकारला कळवण्याचा रोग ठरवला आणि ते कळवण्याची जबाबदारी उपचार करणाऱ्या डॉक्टरवरही टाकली. मला ते कलम त्या रुग्णामुळे प्रथम नीट वाचावे लागले.

या सभागृहात फौंड्री आणि वर्कशॉप चालवणारी दोन-तीन पिढ्यांची घराणी आहेत. तिथे काम करणाऱ्यांची घरेही आहेत. दोघांनाही माझे सांगणे एकच. कुठलीही वस्तू झिजते तेव्हा तीन प्रश्न विचारा: कशामुळे झिजते, किती झिजलेले चालेल, आणि झिजलेले जाते कुठे. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे धातुशास्त्राने उत्तम दिली आहेत. तिसऱ्याचे उत्तर आपण आपल्या शेडमध्ये जाऊन, उन्हाच्या तिरिपेत उडणारी धूळ बघून द्यायचे आहे.

तो रुग्ण आता फेटलिंगला नाही. मालकाने त्याला स्टोअरमध्ये काम दिले. जिना चढताना त्याला मध्येच थांबावे लागते. त्याचा मुलगा त्याच फौंड्रीत आहे, पण मशीन शॉपमध्ये, आणि दर वर्षी दिवाळीनंतर छातीचा फोटो घेऊन तो मला दाखवायला येतो. गेल्या वर्षीचा फोटो स्वच्छ होता.